ती कॅसेट स्पीकरवर ठेवू नकोस

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून तीनदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. फोनवर माझा आवाज चढतो, मग आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहते. म्हणून लिहितो आहे. भांडण उकरायचं नाही. गाण्यात घालायला तू नेलेल्या दादाच्या आवाजाच्या कॅसेटबद्दल दोन-तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या, तेवढ्या सांगतो आणि थांबतो.

ती स्पीकरवर किंवा स्पीकरजवळ ठेवू नकोस. आत लोहचुंबक असतं. तुमच्या त्या स्टुडिओचा फोटो पाहिला, त्यात जिथे बघावं तिथे स्पीकर. आणि एकदम वाजवायला घेऊ नका. अकरा वर्षं ती फीत गुंडाळलेली पडून आहे, आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पुढे, एकदा मागे फिरवून मोकळी करायची. आत पातळ पट्टीवर नमद्याचा एक तुकडा असतो, तो फितीला डेकच्या हेडशी, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागाशी, टेकवून धरतो. गोंद वाळला की तो गळून पडतो. आहे का बघ. नसेल तर हात लावू नकोस, मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असोत.

गच्चीवर मी जे बोललो ते चुकीचं होतं. ‘घरातलं दुःख चव्हाट्यावर नेऊ नकोस’ हे तुझ्या आजोबांचं वाक्य, ते माझ्या तोंडून कसं आलं कळलं नाही. तू म्हणालीस, ‘बाबा, तुम्ही दादाला कपाटात कोंडून ठेवलंय.’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. मोबाइलवर नाही, दुकानातला जुना हेडफोन काढून नीट ऐकली. पहिल्यात ड्रम फार पुढे आहे, तुझे शब्द त्याखाली दबतात, हे तुझ्या मित्राला सांग. तिसऱ्यात तू गातच नाहीस, नुसती गिटार आहे, आणि मधेच ती थांबते. तिथे मला उठून गॅलरीत जावं लागलं. मी आयुष्यभर लोकांना गाणी भरून दिली, सोनू. कोण मनापासून वाजवतो आणि कोण नाही, एवढं या कानांना कळतं.

पिंक फ्लॉइड या इंग्रजी बँडची ती गोष्ट तू घाईत सांगितलीस, मी तेव्हा रागात होतो. आता दोन दिवस तीच डोक्यात आहे. त्यांची ती ‘विश यू वर हिअर’ रेकॉर्ड मी कितीदा भरून दिली असेल! जीएसआयटीएस इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलची मुलं जेल रोडला दुकानात यायची, ‘अंकल, पूरी एक साइड में आनी चाहिए.’ साधारण ४४ मिनिटांची आहे, सी-९०च्या, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या, एका बाजूला बरोबर बसायची, शेवटी जेमतेम फीत उरायची. सुरुवातीला जे लांबलचक वाजतं तेच शेवटी परत येतं, मधे दुसरी गाणी, एवढंच माझ्या लक्षात होतं. ते त्यांच्याच जुन्या सोबत्यासाठी, सिड बॅरेटसाठी होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं बँड उभा केला, तो मनानं ढासळला आणि १९६८मध्ये सुटला. सात वर्षांनी, १९७५च्या जूनमध्ये, त्याच्यावरच्याच गाण्याचं काम चालू असताना तो लंडनच्या स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंग सुटलेलं, डोकं आणि भुवया भादरलेल्या. लहानपणापासूनच्या मित्रांनी त्याला ओळखलं नाही.

त्यांचा माणूस जिवंत होता, तरी असं झालं. मला भीती वाटते ती वेगळीच. तुम्ही एकेक ओळ चाळीस-चाळीस वेळा वाजवता. दादाचा आवाज इतक्यांदा ऐकशील, कापशील, जोडशील, की उद्या तो तुला नुसता ट्रॅक वाटेल. तुला त्याचा आवाज आठवावा, फाइल आठवू नये. मला बहुतेक नीट सांगता येत नाहीये.

शिवाय तू रात्री दोन-दोनला स्टुडिओतून स्कूटरवर एकटी निघतेस. हेल्मेट घालतेस, मला माहीत आहे. पण रस्ते कुणाचे नसतात. आपल्या इंदूरचे गायक अमीर खाँसाहेब १९७४मध्ये कलकत्त्याला मोटारीच्या अपघातातच गेले, आजोबांनी दोन दिवस रेडिओ लावला नव्हता. तिथेच झोपत जा, सकाळी निघ. एकोणतीस वर्षांच्या मुलीला हे सांगू नये, माफ कर. बायपासवरून तो फोन आला तेव्हा रात्रीचे दोनच वाजले होते.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. कॅसेटी दोन होत्या.

दुसरीत दादा तीन वर्षांचा होता, आजीबरोबर ‘शुभं करोति’ म्हणत होता आणि मधेच पाणी मागत होता. ती मी दुकानात नेली, प्रत काढायला. लग्नसराई होती, काउंटरवर कोऱ्या कॅसेटींचा ढीग. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या खिट्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो आणि त्या एका कॅसेटची खिटी मोडायची राहिली. एका माणसाला त्यावर बँडबाजाची गाणी भरून दिली. रात्री लक्षात आलं. तो कोण होता ते सापडलं नाही, सापडूनही उपयोग नव्हता. आईला म्हटलं, दुकानात कुठेतरी ठेवली आहे, सापडेल. तेव्हा दादा घरात धावत होता, एका कॅसेटचं काय एवढं, असं वाटलं. तो गेल्यावर तिनं एकदाच विचारलं, ‘ती दुसरी सापडली का हो?’

म्हणून ही कपाटात होती. तुझ्यापासून लपवायला नव्हती.

हिच्या दोन्ही खिट्या मी त्याच रात्री मोडल्या, तरी एकदा बघून घे.

आता हिच्यातलं सांगतो. १९९४ची रंगपंचमी, तुझ्या जन्माच्या दोन वर्षं आधीची. दुकान बंद, शटर अर्धं खाली. दादा स्टुलावर बसून पावकीचा पाढा म्हणतो आहे, मागे लांबून गेरच्या मिरवणुकीचे ढोल येतात. ते ढोल ‘साफ’ करून काढू नका. तुझ्या त्या मित्राला कॉम्प्युटरवर सगळं पुसता येतं, मला माहीत आहे. ढोल जवळ येतात तसा दादाचा आवाज मोठा होत जातो, ढोल काढलेत तर तो उगाच ओरडतोय असं वाटेल. दुसरं म्हणजे, अगदी सुरुवातीला, तो बोलायच्या आधी एक क्षण, त्याचाच आवाज फार पुसट ऐकू येईल. फितीचे थर वर्षानुवर्षं एकमेकांवर दाबून राहिले की एकाचा ठसा दुसऱ्यावर उमटतो. धंद्यात त्याला आम्ही खराबी म्हणायचो. ती राहू दे.

हे लिहिता लिहिता ठरवलं, मीच येतो. दुसऱ्या डेकवर हेडचा कोन जरा जरी चुकला तरी आवाज घुसमटतो. बाजूचा बारीक स्क्रू कानानं फिरवत फिरवत आवाज उघडावा लागतो आणि ते त्या मुलांना जमणार नाही. माझा डेक आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शुक्रवारी पुण्याच्या गाडीत बसतो. एकदाच वाजवू, तुम्ही एकदाच घ्या, मग कॅसेट तुझ्याकडेच राहू दे. तोवर वाजवू नकोस.

आईला आज संध्याकाळी दोन्ही गोष्टी सांगितल्या, गाण्याची आणि त्या दुसऱ्या कॅसेटची. ती बराच वेळ पोळ्या लाटत राहिली. नंतर मी विचारलं, डेक कशात गुंडाळू, गाडीत धक्के बसतील. तिनं माळ्यावरून दादाची रजई काढून दिली आणि म्हणाली, दोन तिकिटं काढा.

तुझे
बाबा

ता. क. उन्हाच्या खिडकीतही ठेवू नकोस.