दुकानाचं नाव शेपटासकट शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात नव्याने राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबांना तुम्ही कामापुरतं कोरियन शिकवता, त्याबद्दल आम्हा सगळ्यांच्या वतीने हे आभाराचं पत्र. ते उघड लिहितोय, कारण तुमची पद्धत पुढे इंचॉन विमानतळावर उतरणाऱ्यांच्याही हाती पडावी असं मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीचे. तुम्ही दुकानांची नुसती नावं कधीच पाठ करून घेतली नाहीत. पहिल्या दिवसापासून प्रत्येक नाव ‘-ए गायो’ या शेपटासकट दिलंत. ‘-ए’ म्हणजे आपला ‘-त’ किंवा ‘-ला’, ‘गायो’ म्हणजे जातो, जाते, जातोय, सगळंच. कर्ता बोलून दाखवावा लागत नाही, स्त्री-पुरुष भेद नाही, आणि शब्दांचा क्रम मराठीचाच.

शेपूट आधीच जोडून शिकण्याचं मोल कानाला कळतं. मेडिकल दुकान म्हणजे ‘याक्कुक’, पण तिथे जायचं म्हटलं की ‘याक्कुगे गायो’. बेकरी ‘प्पाङच्चिप’, पण ‘प्पाङच्चिबे गायो’. फुलांचं दुकान ‘क्कोच्चिप’, पण ‘क्कोच्चिबे’. केस कापायचं दुकान ‘मियोङशिल’, पण ‘मियोङशिरे’. शेवटचं व्यंजन पुढच्या ‘ए’ला जाऊन चिकटतं आणि मऊ होतं: क चा ग, प चा ब, ल चा र. सुटं नाव पाठ केलेला माणूस ‘याक्कुक... ए... गायो’ असा थांबत थांबत बोलतो. त्याहून वाईट म्हणजे, समोरचा ‘याक्कुगे’ म्हणाला की हा कुठला नवाच शब्द, असं त्याला वाटतं. फ्यॉनिजॉम (रात्रंदिवस उघडं असणारं छोटं दुकान), सॉजॉम (पुस्तकांचं), छॉल्मुल्जॉम (हार्डवेअरचं) यांना हा त्रास नाही. शेवटच्या म ला ‘ए’ लावला की झालं. सेथाक्सो म्हणजे लाँड्री. तिचा शेवट स्वराचा, म्हणून सरळ ‘सेथाक्सोए’.

‘शिजाङ’ म्हणजे बाजार. त्यासाठी तुम्ही बाराखडीत अडगळीत पडलेला ङ बाहेर काढलात, तेही फार बरं केलंत. ‘शिजांग’ असं लिहिलं की आपण ‘रंग’सारखा शेवटी ग ठोकतो, आणि ‘ए’ जोडल्यावर ‘शिजांगे’ होऊन बसतं. कोरियनमध्ये तिथे ग नाहीच. आवाज नाकात ठेवायचा आणि ‘ए’ वेगळा सोडायचा: शिजाङ-ए.

देवनागरीतून सुरुवात केल्याबद्दलही आभार. रोमन लिपीत ‘ऑ’साठी दोन अक्षरं जोडून लिहितात आणि आपण ती ‘एओ’ वाचतो. आपल्याकडे ऑ आयता आहे. तो ओ पासून वेगळा ठेवावाच लागतो: ‘खॉफी’ म्हणजे कॉफी, ‘खोफी’ म्हणजे नाकातून येणारं रक्त. त्यातला फ ओठ मिटून, ‘फूल’मधला, दात ओठावर टेकवायचे नाहीत. च आणि ज मात्र देवनागरीतही दगा देतात, कारण मराठीत त्यांचे दोन उच्चार आहेत. तुमची खूण आम्ही सगळ्यांना सांगतो: ‘चोर’मधला च नको, ‘चिमणी’मधला हवा; ‘जोर’मधला ज नको, ‘जिरं’मधला हवा. प्पाङ (पाव) मधला जोडाक्षराचा प श्वास न सोडता, घट्ट दाबून म्हणायचा. तो ढिला पडला की ‘पाङ’ होतो, म्हणजे खोली. (हा प्पाङ मुळात पोर्तुगीजांचा, जपानमार्गे कोरियात गेलेला, आपला पाव त्याचाच भाऊ.)

व्याकरणात मराठी माणूस नेमका कुठे घसरतो, ते तुम्ही अचूक हेरलंत. आपण ‘बाजारात जातो’ म्हणतो आणि ‘बाजारात भाजी घेतो’ असंही म्हणतो, दोन्हीकडे ‘-त’. कोरियनमध्ये जायचं असेल तर ‘शिजाङ-ए गायो’, तिथे काही करायचं असेल तर ‘शिजाङ-एसॉ सायो’, म्हणजे बाजारात विकत घेतो. ‘एसॉ’ला ‘-हून’ असाही अर्थ आहे. त्यामुळे ‘शिजाङ-एसॉ गायो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे बाजारातून निघालेत.

कशाला जातोय ते सांगायचं तर ‘-रॉ’. ‘प्पाङ सारॉ गायो’ म्हणजे पाव घ्यायला जातोय. ‘ओत छाजुरॉ सेथाक्सोए गायो’ म्हणजे कपडे आणायला लाँड्रीत. धातू व्यंजनान्त असेल (ल सोडून) तर मध्ये ‘उ’ येतो, म्हणून छाजुरॉ. हा ‘-रॉ’ जाण्यायेण्याच्या क्रियापदांबरोबरच चालतो. ‘पाव घ्यायला पैसे लागतात’ या वाक्यात मराठीचा ‘-यला’ बसतो, कोरियनचा ‘-रॉ’ बसत नाही.

दोन दुकानं असतील तर ‘याक्कुखागो माथुए गायो’, मेडिकल आणि मार्टमध्ये. ‘ए’ फक्त शेवटच्या नावाला. ‘हागो’ म्हणजे आणि; त्यातला ह आधीच्या क मध्ये मिसळून ख होतो. आधी हे, मग ते असं सांगायचं तर ‘याक्कुगे गात्तागा माथुए गायो’.

शेजारच्या आजी लिफ्टमध्ये ‘ऑदि गासेयो?’ विचारतात, तेव्हा ती चौकशी नसून आपल्या ‘काय, कुठे निघालात?’सारखी विचारपूस असते, हे सांगितल्याबद्दल तर शतशः आभार. उत्तर दोन शब्दांचं पुरतं. फक्त त्यांचाच ‘गासेयो’ परत म्हणायचा नाही. त्यातला आदर दुसऱ्यासाठी असतो, स्वतःसाठी ‘गायो’. आणि घरातून निघताना ‘तान्यॉओल्क्केयो’: मराठी घरात नुसतं ‘जातो’ न म्हणता ‘जाऊन येतो’ म्हणतात, अगदी तेच.

‘-ए गायो’ हेच वाक्य शेवटी सूर चढवून बसचालकाला विचारता येतं: ‘फाल्त्ताल्मुन शिजाङ-ए गायो?’ ही बस फाल्त्ताल्मुन बाजाराला जाते का? टॅक्सीत मात्र ‘शिजाङ-उरो गा जुसेयो’, तिकडे घेऊन चला.

दुकानांची माहितीही शब्दांसोबतच दिलीत. मोठी मार्ट महिन्यातून दोन दिवस सक्तीने बंद असतात, पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी. तापावरची गोळी 2012पासून फ्यॉनिजॉममध्येही मिळते, पण चिठ्ठीवरच्या औषधाला याक्कुगेच जावं लागतं. त्याच्या पाटीवर ‘याक’ एवढं एकच मोठं अक्षर असतं. म्हणूनच कोरियनची चोवीस मुळाक्षरं शिकायला तुम्ही आग्रहाने लावलीत, तेही पटलं. देवनागरी जिभेला वळण लावते, पण पाटी वाचून देत नाही.

पुढच्या टिपणात चॉङ्युक्च्चॉमचा, म्हणजे मांसाच्या दुकानाचा, भाग थोडा वाढवावा ही विनंती. तिथे पोचल्यावर वजन आणि तुकडे कसे सांगायचे, हे नव्या मंडळींना लगेच लागतं. छपाईचं काम आम्ही वाटून घेऊ.

आपली,
सुवॉनमधली मराठी मंडळी