कात्री खाली ठेवणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

तुमच्या औषधांच्या दुकानात हे बोलता येत नाही. बोलायला गेलं की तुम्ही "काय ताई, त्यात काय एवढं" म्हणता आणि मागच्या माणसाचा कागद हातात घेता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

जुलैतली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत नसेल. मी भिजत आले होते. मोबाइलवर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला आणि अँटिबायोटिक मागितलं, "सेफिक्झिम द्या, पाच दिवसांचं." तुम्ही खोक्यातून स्ट्रिप काढली, कात्री लावली. पहिल्या गोळीच्या कडेपर्यंत पातं गेलं आणि थांबलं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "ताई, होळीपासून हे कितव्यांदा?"

चौथ्यांदा. आधी दाढ, मग सायनस, आणि मग पोटच. तुम्ही कात्री काउंटरवर ठेवलीत. ती ठेवल्याचा बारीकसा आवाज माझ्या कानात अजून आहे. म्हणालात, "पोट बिघडलं म्हणून हे औषध घेताय, की या औषधानंच पोट बिघडलंय?"

आप्पा, चार महिन्यांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता लिहून दिलं. दुसऱ्या, मोठ्या, चकचकीत ठिकाणी फाइलीचे पैसे वेगळे घेतले, आणि मी "जेवल्यावर पोट नगाऱ्यासारखं फुगतं" म्हणाले तर उत्तर आलं, "या वयात होतं असं." मी सत्तेचाळीसची आहे! तिसऱ्या दुकानात तर चिठ्ठीही मागितली नाही. तुम्ही मात्र स्ट्रिपवरची लाल रेघ बोटानं दाखवलीत. २०१४ पासून ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहेत, जुन्या फोटोवर द्यायची नाहीत, रजिस्टरमध्ये नोंद लागते, असं सांगितलंत. कायदा सगळ्यांनाच ठाऊक असतो हो. पावसाळी संध्याकाळी, दुकान रिकामं असताना, हातातली विक्री सोडून कोण देतं?

पुढचं लांबण लावत नाही. तुम्ही सुचवलेल्या पोटाच्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. अँटिबायोटिकनंतर बळावणारा क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू नाही ना, तेही तपासून पाहिलं. तो नव्हता. आतल्या चांगल्या जंतूंची वस्ती उठली होती, ती परत बसवायची होती. त्यांनी महिनाभरासाठी बोलार्डी नावाचं प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंचं औषध, लिहून दिलं. ते बॅक्टेरिया नसून यीस्ट असतं, त्यामुळे अँटिबायोटिकनं मरत नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलं. आणि भाचीनं ऑनलाइन मागवून दिलेला तो 'गट क्लीन्झ'चा भलामोठा डबा घेऊन आले, तेव्हा तुम्ही हसून विचारलंत, "पन्नास अब्ज जंतू लिहिलंय खरं, पण कोणत्या जातीचे ते लिहिलंय का?" नव्हतं लिहिलेलं. कुठली जात कशावर चालते हेच तर महत्त्वाचं, म्हणालात, आणि डबा परत करायला लावलात. स्वतःच्या दुकानातलाही दुसरा गळ्यात मारला नाहीत.

"पाहुणे बोलावलेत ताई, आता त्यांच्या जेवणाचं बघा," हे तुमचं वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालंय. आपण जो चोथा म्हणून टाकतो, तेच त्यांचं जेवण. आतले जंतू तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. म्हणून ज्वारी, सालासकटची मुगाची डाळ, जरा कच्चं केळं. तेही एकदम नाही. पहिल्या आठवड्यात मी उत्साहानं वाटीभर राजमा खाल्ला आणि रात्रभर त्याची फळं भोगली. मग चमच्याचमच्यानं वाढवत गेले. गार झालेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो हे ऐकून सासूबाई कोण खूश! त्यांचा शिळा भात मुलं नाकं मुरडून खायची, आता रांगेत बसतात. फक्त भात रात्रभर ओट्यावर राहत नाही, लगेच फ्रिजमध्ये जातो.

आणि कढी! मला वाटायचं, रोज कढी पितेय म्हणजे दही पोटात जातंच आहे. उकळल्यावर ते जंतू राहतात कुठे? इतकी साधी गोष्ट. आता दुपारी ताजं ताक, किंचित सैंधव घालून.

आपल्या इंदुरात स्वच्छतेचे नंबर येतात, सराफ्यात मध्यरात्री माणसं दाटतात, सगळ्याचं कौतुक होतं. पण गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "हे तुम्हाला नको" म्हणणाऱ्या दुकानदाराचं कौतुक कुठल्या यादीत येत नाही. नफा सोडणं एक वेळ सोपं असेल, समोरच्याचा राग पत्करणं अवघड. मी तुमच्यावर चिडले होते, आप्पा. "द्यायचं नसेल तर नका देऊ" असं म्हणून छत्री आपटून निघाले होते. तुम्ही दोन पायऱ्या उतरून पावसात आलात आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद माझ्या पिशवीत सारलात. ते मी कसं विसरू?

गेल्या रविवारी पोहे खाल्ले, वरून शेव, जिरावन सगळं घालून. जिलबी मात्र अर्धीच. काही झालं नाही.

त्या दिवशी कात्रीनं फुटलेली गोळी तुम्हाला विकता आली नसणार. तिचे पैसे तुम्ही घेत नाही, म्हणून चिरंजीवाबरोबर स्टीलच्या डबीत आमच्या दह्याचं विरजण पाठवतेय. दूध कोमट असताना लावा, गरम नको. डबी परत करायची घाई नाही.

तुमची,
रामबागेतली छत्री आपटणारी ताई