सेल्युलर जेल चित्रीकरणासाठी खुले, नागरिकांसाठी बंद

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये चित्रीकरणामुळे अभ्यागतांची गैरसोय होणार नाही, असे लेखी उत्तर मला प्रवासाला निघण्यापूर्वी मिळाले होते. त्या भरवशावर मी माझ्या 82 वर्षांच्या वडिलांना नाशिकहून श्रीविजयपुरमला नेले. (पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 मध्ये बदलले, नावे बदलण्यात आपले सरकार दिरंगाई करत नाही, हे मान्य करायला हवे.)

सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. गुडघे धरत, कठड्याला टेकत वडील जिना चढले, तर पुढे दोरी बांधलेली आणि वॉकीटॉकी घेतलेला एक पोरगा उभा. ‘अंकल, शॉट चालू है, बस दस मिनट.’ ती दहा मिनिटे तुरुंग बंद होण्याच्या वेळेपर्यंत संपली नाहीत. वडील पायरीवर बसून राहिले. समोर गंजाचा रंग मारलेल्या प्लास्टिकच्या बेड्या खोक्यात पडल्या होत्या आणि व्हरांड्याच्या गजांना दिव्यांच्या वायरी गुंडाळल्या होत्या. तिकीट देताना याची अवाक्षरानेही कल्पना कोणी दिली नाही. दुसऱ्या दिवशी आमचे परतीचे विमान होते. वडिलांना हा प्रवास पुन्हा झेपणार नाही, आणि त्याची भरपाई कोणत्या अर्जाने मागायची तेही आपणच सांगावे.

चित्रपटांना माझा विरोध नाही. प्रियदर्शन यांचा 1996 चा ‘कालापानी’ पाहूनच अनेकांना हा तुरुंग प्रथम दिसला. परंतु हे 1979 पासून राष्ट्रीय स्मारक आहे, भाड्याचा वाडा नव्हे. येथील कैद्यांच्या 1933 च्या उपोषणात क्रांतिकारक महावीर सिंह यांना बळजबरीने नळीने दूध पाजताना ते फुप्फुसात गेले आणि त्यांचा मृत्यू झाला. अशा जागी दोरी कुठे बांधायची, हे वॉकीटॉकीवाल्या पोराने ठरवावे काय? आमच्या नाशिकचा इंग्रज कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यात जन्मठेप झालेले वामनराव जोशीही येथेच होते. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढत नाही, म्हणून त्यांच्या स्मृतीला नमस्कार करायला येणाऱ्यांनी बाहेरच थांबायचे?

मूळच्या सात विंगांपैकी आज तीनच उभ्या आहेत. काही दुसऱ्या महायुद्धातील जपानी ताब्याच्या काळापर्यंत गेल्या, उरलेल्यांवर स्वातंत्र्यानंतर आपणच कुदळ चालवली आणि त्या आवारात रुग्णालय बांधले. कोठड्या किती होत्या, तर कुठे 693 लिहिलेले सापडते, कुठे 696. ज्या देशाला आपल्या हुतात्म्यांच्या कोठड्याही एकदा नीट मोजून एकच आकडा सांगता येत नाही, त्याने चित्रीकरणाच्या शुल्काचा हिशेब चोख ठेवला असेल, असे मानण्याइतका मी भोळा उरलेलो नाही. जयंतीला पुष्पहार, पुण्यतिथीला ट्विट आणि मधल्या दिवसांत जागा भाड्याने, हाच आपल्या सर्व पक्षांचा इतिहासप्रेमाचा कार्यक्रम झाला आहे.

चित्रीकरणाच्या तारखा महिनाभर आधी जाहीर कराव्यात, त्या दिवशी तिकीट देण्यापूर्वी तसे सांगावे, कोणतीही कोठडी दर्शनाच्या वेळेत बंद ठेवू नये आणि मिळालेली रक्कम कशावर खर्च झाली ते तुरुंगाच्या दारावर लावावे. ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पाठवण्यात आले आहे’ असे उत्तर मात्र कृपया पाठवू नये. ते माझ्या फायलीत आधीपासून आहे.

आपला,
एक नाशिककर