कांचेल्स्किस कुठे संपला? मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मँचेस्टर युनायटेडचा नव्वदच्या दशकातला उजवा विंगर, म्हणजे उजव्या कडेने चढाई करणारा फुटबॉलपटू, कांचेल्स्किस याचा विषय काढून तू मुद्दाम माझी खोडी काढलीस, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. 'एका जागी टिकला नाही म्हणून मोठा झाला नाही,' असं लिहून तू मोकळा झालास आणि वर 'युनायटेड सोडलं तिथेच संपला' असा शेराही मारलास. तुझं पहिलं वाक्य मी अर्धं मान्य करतो. दुसरं मात्र साफ नामंजूर. आंद्रेई कांचेल्स्किस युनायटेड सोडल्यावर संपला नाही. उलट युनायटेड सोडल्यानंतरच्या मोसमात तो सगळ्यात चांगला खेळला. संपला तो त्यानंतर, आणि ते क्लब बदलल्यामुळे कमी, घोट्यामुळे जास्त.

पण आधी 'टिकला नाही' याचं बघू. अरे, ज्याच्या पायाखालून देशच निघून गेला, त्याने टिकायचं कुठे? जन्म 1969 चा, सोव्हिएत युक्रेनमधल्या किरोवोह्राद शहरातला. वडील लिथुआनियन. आधी डायनॅमो कीव्ह, मग दोनेत्स्कचा शाख्तार, आणि 1991 च्या वसंतात थेट मँचेस्टर. साडेसहा लाख पौंडांत असा खेळाडू मिळणं म्हणजे युनायटेडचे व्यवस्थापक फर्ग्युसनना लॉटरीच लागली होती. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला सोव्हिएत संघ सायप्रसमध्ये लार्नाकाला युरोची, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेची, पात्रता लढत खेळला आणि 3-0 ने जिंकला. तिसरा गोल कांचेल्स्किसचा. सोव्हिएत संघाचा तो शेवटचा अधिकृत सामना ठरला आणि तो गोलही शेवटचा. पुढच्याच महिन्यात सोव्हिएत युनियन विसर्जित झालं. पात्रता मिळवली एका देशाने आणि 1992 च्या युरोत स्वीडनला उतरला माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या राष्ट्रकुलाचा (सीआयएस) जोडतोडीचा संघ. हाही त्यात होता. त्यानंतर रशिया. सोव्हिएत संघाची जागा रशियाला मिळाली होती आणि युक्रेनला 1994 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत प्रवेशच नव्हता. विश्वचषक खेळायचा असेल तर युक्रेनमध्ये जन्मलेल्या खेळाडूपुढे दुसरा रस्ता कुठला होता? सोव्हिएत संघाकडून 17, राष्ट्रकुलाकडून 6, रशियाकडून 36 सामने. तीन जर्सी बदलल्या, त्यातली एकही बदली त्याने अर्ज करून मागितलेली नव्हती.

आणि तेव्हाचं इंग्लंडही आजचं नव्हतं बरं का. ऑगस्ट 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीत सगळ्या संघांच्या सुरुवातीच्या अकरांत मिळून ब्रिटन-आयर्लंडबाहेरचे अवघे 13 खेळाडू होते. त्यातला एक हा. त्यात युरोपीय स्पर्धांमध्ये परदेशी खेळाडूंवर मर्यादा होती, आणि इंग्लिश क्लबच्या हिशेबात स्कॉटिश आणि वेल्श खेळाडूही परदेशीच धरले जात. प्रत्येक युरोपीय सामन्याआधी फर्ग्युसनना संघ निवडताना आकडेमोड करावी लागायची. नोव्हेंबर 1994 मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर, कँप नोवर, चक्क गोलरक्षक श्मायकेलला बाहेर बसवावं लागलं आणि बार्सिलोनाने चार गोल घातले. भाषा न येणाऱ्या, लाजऱ्या उजव्या विंगरला अशा काळात आपली जागा पक्की कशी वाटावी?

खेळ म्हणशील तर त्याच्यात नजाकत फार नव्हती, हे तुझं खरं आहे. ड्रिब्लिंगची नक्षी बघायची असेल तर डाव्या बाजूला गिग्ज होता. कांचेल्स्किसचा डाव एकच, आणि तो सगळ्यांना आधीच ठाऊक असायचा. टचलाइनला चिकटून उभं राहायचं, चेंडू आला की लेफ्ट बॅकच्या, म्हणजे समोरच्या डाव्या बचावपटूच्या, अंगावर जायचं, चेंडू त्याच्या पलीकडे चांगला पाच-सहा मीटर ढकलायचा आणि पळत सुटायचं. पुढे काय होणार हे बचावपटूला माहीत, प्रेक्षकांना माहीत. तरी हा आधी पोचायचा! छाती रुंद, मांड्या पैलवानी, त्यामुळे खांद्याला खांदा लागला तरी पडायचा नाही. बहुतेक विंगर क्रॉस टाकून हात वर करतात. हा मात्र समोरच्या बाजूने क्रॉस येत असला की दूरच्या खांबाशी हजर. म्हणून तर विंगर असून त्याचे इतके गोल.

1993-94 चा मोसम तुला आठवत असेल. युनायटेडने लीग आणि एफए कप जिंकला. तिसरा चषक हातचा गेला. 27 मार्चला वेम्बलीवर लीग कपची अंतिम लढत, समोर अॅस्टन व्हिला. अगदी शेवटी, 2-1 ने मागे असताना गोलरेषेवर चेंडू आला आणि तिथे आपला हा उजवा विंगर उभा. तिथे तो काय करत होता कोण जाणे. चेंडूला हात लावला. लाल कार्ड, पेनल्टी, 3-1. मला त्या प्रसंगात त्याचा अख्खा स्वभाव दिसतो. विचार मागून येणार, अंग आधी पुढे जाणार. पण गंमत बघ, एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीची फेरलढत मेन रोडवर ओल्डहॅमशी झाली, 4-1. त्यात एक गोल याचा. ओल्डहॅमचे व्यवस्थापक होते जो रॉइल. हे नाव लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

त्याच उन्हाळ्यात विश्वचषक होता आणि हा गेला नाही. ही गोष्ट तू पत्रात का वगळलीस? मला वाटतं त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत महागडा निर्णय हा, युनायटेड सोडणं नव्हे. नोव्हेंबर 1993 मध्ये अथेन्सला ग्रीसकडून हरल्यावर 14 रशियन खेळाडूंनी पत्र लिहिलं: प्रशिक्षक सादिरिन नकोत, बिशोवेत्स हवेत. शिवाय पैशांच्या आणि साधनसामग्रीच्या तक्रारी. नंतर काही जण नरमले आणि अमेरिकेला गेले. शालिमोव्ह, किर्याकोव्ह, कोलिवानोव्ह, दोब्रोवोल्स्की, हे गेले नाहीत. कांचेल्स्किसही नाही. पंचविशीतला, ऐन भरातला विंगर घरी बसला आणि तिकडे सालेंकोने एका सामन्यात कॅमेरूनला पाच गोल घातले! त्याच्या हट्टाचं मला कौतुकही वाटतं आणि रागही येतो. विश्वचषक चार वर्षांनी येतो, प्रशिक्षक काय, दर वर्षी बदलतात. पुढे 1998 ला रशिया पात्रच ठरला नाही, म्हणजे विश्वचषक त्याच्या हातून कायमचा गेला.

आता 10 नोव्हेंबर 1994. युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन क्लबांची लढत, मँचेस्टर सिटीविरुद्ध 5-0, त्यातले तीन याचे. मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली असेल, विचारू नकोस. कँतोना मध्यभागी उभा राहून मोकळ्या जागेत चेंडू सोडतो आणि कांचेल्स्किस मागून येऊन सगळ्यांना मागे टाकतो. सिटीची बचावफळी त्या रात्री पुढे सरकू की मागे राहू याच विवंचनेत होती. पुढे यावं तर मागे मोकळं रान, मागे राहावं तर कँतोनाला वेळ मिळतो. डर्बीत त्यानंतरची हॅट्‌ट्रिक व्हायला 2022 उजाडलं, आणि ती सिटीच्या हालांड आणि फोडेनची. त्या मोसमात लीगमध्ये युनायटेडचे सर्वाधिक गोल याचे, 14. आणि अशा खेळाडूला उन्हाळ्यात विकलं.

विकलं की तो गेला, यावर तू आणि मी म्हातारे होईपर्यंत भांडू. दुखापतीवरून त्याचं आणि फर्ग्युसनचं फाटलं होतं, हे तर जगजाहीर आहे. ह्यूज, इन्स आणि हा, तिघे एका उन्हाळ्यात गेले. उजवी कड बेकहॅमला मिळाली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. बेकहॅम मोठा झाला म्हणून कांचेल्स्किसचं जाणं चुकीचं ठरवायचं, हा कुठला न्याय? बेकहॅम धावून बॅकला मागे टाकणारा नव्हताच, तो उभ्या उभ्या क्रॉस टाकायचा. एकाची जागा दुसऱ्याने भरली असं म्हणण्यात अर्थ नाही. युनायटेडने खेळच बदलला.

लिव्हरपूल शहरातल्याच दुसऱ्या क्लबने, एव्हर्टनने, 50 लाख पौंड मोजले. शाख्तारला त्याच्या पुढच्या विक्रीतल्या नफ्यात वाटा द्यायचा, असं कलम जुन्या करारात होतं आणि त्यावरून सही बरीच लांबली. त्याला बोलावणारे व्यवस्थापक कोण? तेच, जो रॉइल. ओल्डहॅमच्या बाकावर बसून ज्याने हा माणूस समोरून अंगावर येताना पाहिला, त्यालाच त्याची किंमत कळणार. सुरुवात फार वाईट झाली. एव्हर्टनच्या मैदानावर, गुडिसनवर, युनायटेडविरुद्धच खांदा निखळला. पण परतल्यावर जे झालं ते पाहून तुझं ते 'संपला' खोडून टाक. 18 नोव्हेंबरला त्यांच्याच अॅनफिल्डवर लिव्हरपूलला 2-1 ने हरवलं, दोन्ही गोल याचे. एप्रिलमध्ये लिव्हरपूलशीच गुडिसनला झालेल्या डर्बीतही एक गोल. त्याच महिन्यात शेफिल्ड वेन्स्डेला त्यांच्याच मैदानावर हॅट्‌ट्रिक. मोसमाअखेर लीगच्या 32 सामन्यांत 16 गोल. विंगरचे! एव्हर्टन सहाव्या क्रमांकावर आलं. युनायटेडमध्ये तो कँतोनाच्या पासची वाट पाहत कडेला उभा असायचा. इथे सगळा संघच त्याच्याकडे चेंडू कसा पोचेल याची वाट शोधत होता. मोकळी जागा आणि विश्वास हे दोन्ही एकाच वेळी त्याला आयुष्यात तेवढ्याच मोसमात मिळालं, असं माझं मत आहे.

त्या उन्हाळ्यात युरो इंग्लंडमध्येच होती आणि रशियाचे सामने आले अॅनफिल्ड आणि ओल्ड ट्रॅफर्डवर. एक शत्रूचं अंगण, दुसरं जुनं घर. इटलीकडून हार, जर्मनीकडून 3-0 ची हार, चेकशी 3-3, आणि रशिया बाहेर.

जानेवारी 1997 मध्ये तो इटलीत फिओरेंतिनाला गेला, 80 लाख पौंडांत. इथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे. हे जाणं चुकलं. इटलीची सेरी आ तेव्हा जगातली सर्वांत कठीण लीग, मोठ्या पैशाची, मोठ्या नावांची. मोह कुणाला होणार नाही? पण इटालियन बचाव मागे मोकळं रानच ठेवत नसे. ज्याचं सारं बळ त्या रानावर, त्याने तिथे जाऊन करायचं काय? आणि त्यातच घोटा गेला, इंटरविरुद्धच्या सामन्यात. जेमतेम सावरून तो रशियाकडून खेळायला उतरला, 29 ऑक्टोबर 1997, मॉस्को, बर्फात, विश्वचषकाची प्लेऑफ आणि समोर इटलीच. चेंडूमागे धावताना गोलरक्षक पाल्युकाशी त्याची टक्कर झाली. पाल्युकाला बाहेर जावं लागलं आणि त्याच्या जागी 19 वर्षांचा एक पोरगा इटलीकडून पहिल्यांदा उतरला. त्याचं नाव जानलुइजी बुफॉन. म्हणजे बुफॉनच्या कारकिर्दीचं दार कांचेल्स्किसने उघडलं, आणि तेही स्वतःला लागलेलं असताना. असल्या योगायोगांसाठीच मी फुटबॉल बघतो.

1998 ला व्यवस्थापक डिक अॅडव्होकाटने त्याला ग्लासगोला, रेंजर्समध्ये आणलं. पहिल्याच मोसमात स्कॉटलंडचे तिन्ही चषक, दुसऱ्यात लीग आणि कप. ग्लासगोतल्याच सेल्टिकविरुद्धही गोल झाला आणि एक विक्रम जमा झाला: मँचेस्टर, मर्सीसाइड (लिव्हरपूल-एव्हर्टन) आणि ग्लासगो, तिन्ही डर्बींत गोल करणारा तो एकमेव खेळाडू मानला जातो. एका जागी टिकलेल्याला हे जमलं असतं का, सांग! वेग मात्र आता पूर्वीचा राहिला नव्हता. एप्रिल 2000 मध्ये एअर युनायटेडला कपच्या उपांत्य फेरीत 7-0 ने बडवताना त्याने काय करावं? दोन्ही पाय चेंडूवर ठेवून उभा राहिला आणि हात कपाळाशी नेला, जणू दूरवर कुणी दिसतंय का बघतोय. लोकांनी आगाऊपणा म्हटलं. मला त्यात धावून थकलेल्या माणसाची चेष्टा दिसली. पूर्वीचा कांचेल्स्किस चेंडूवर उभा राहिला नसता, तो एव्हाना चेंडूसकट कोपऱ्याच्या झेंड्यापाशी पोचला असता.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते तसंच घडलं. 2001 मध्ये लोनवर मँचेस्टर सिटी. होय, ज्यांना हॅट्‌ट्रिक घातली तेच! व्यवस्थापक पुन्हा जो रॉइल. सिटी त्याच मोसमात खालच्या विभागात घसरली. साउदम्प्टनला जेमतेम बदली म्हणून उतरण्यापुरता. मग सौदीत अल-हिलाल, मग रशियात परत, शेवटी समाराचा क्रिल्या सोवेतोव्ह, आणि निवृत्ती. नंतर प्रशिक्षक म्हणूनही पायाला भिंगरी आहेच, रशियात उफा, तिकडे उझबेकिस्तानात नमंगानचा नवबहोर.

तर हे असं आहे. सादिरिनविरोधी पत्रावर सही करणं आणि एव्हर्टन सोडणं, या दोन गोष्टींवर तू मला घेरलंस तर मी फारसा प्रतिकार करणार नाही. पण ओल्ड ट्रॅफर्डचा दरवाजा पुन्हा मध्ये आणू नकोस. पुढच्या पत्रात नव्वदच्या दशकातले तुझे पाच उजवे विंगर क्रमाने लिहून पाठव. बेकहॅमला त्यात घेतलंस तर उत्तर मिळणार नाही, तो विंगर नव्हता. आणि फिगोला पहिला ठेवशील हे माहीत आहे, त्यावर भांडण नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना भांडखोर मित्र