पहिल्या क्रमांकाची हमी आणि 'कायार्लय'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या जाहिरातींत हल्ली 'पंधरा दिवसांत गूगलवर पहिला क्रमांक, खात्रीशीर' अशी ओळ वरचेवर दिसते. अशी खात्री कोणालाच देता येत नाही, असे खुद्द गूगलच्या मार्गदर्शक पानावरच लिहिलेले आहे. सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिन्यांपासून वर्षभर लागतो, हेही तिथेच सापडते. पण या पत्राचा रोख जाहिरात देणाऱ्यांपेक्षा ती वाचून पैसे मोजणाऱ्यांकडे आहे: दुकानदार, आंबा बागायतदार, पतसंस्था, ग्रंथालये. बऱ्याच मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत गोष्ट क्रमवारीपर्यंत जातच नाही. पानावरची मराठी शोधयंत्राला धड वाचता येत नाही, तिथेच गाडी अडते.

तपासायला पैसे लागत नाहीत. संगणकावर आपले पान उघडा, माउसने एक ओळ निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. जशीच्या तशी उमटली तर ठीक. निवडताच आली नाही तर तो मजकूर नसून चित्र आहे. दरपत्रक, वेळापत्रक, सभासदांसाठीची सूचना हे सगळे व्हॉट्सॲपवर फिरवायला बनवलेले रंगीत चित्र तसेच संकेतस्थळावर टाकले की असे होते. चित्रातली अक्षरे ओळखायचा प्रयत्न गूगल करते, पण आपला दर आणि पत्ता त्या प्रयत्नाच्या भरवशावर कशाला सोडायचा?

तिसरी शक्यता म्हणजे नोटपॅडमध्ये रोमन कचरा उमटतो. जुन्या अहवालांत आणि पीडीएफमध्ये हे अजून सर्रास आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये 'मराठी' हा शब्द दिसतो मराठी, पण साठवलेला असतो ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांत. माणसाला मराठी दिसते, यंत्राला 'ईजेकेबीएच' दिसते, आणि तो शब्द शोधणारा माणूस जगात नाही. उपाय एकच: युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत. फॉण्ट बदलून भागत नाही, मजकूरच रूपांतरित करावा लागतो.

आणि रूपांतर झाले म्हणजे काम संपले असेही नाही. जुन्या फॉण्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलटा आहे. रूपांतरक कच्चा असला तर 'कार्यालय'चे 'कायार्लय' होते, 'सूर्य'चा 'सूयर्' आणि 'विद्यार्थी'ची वेलांटी 'व'च्या आधी एकटी लोंबकळत राहते. रूपांतरित मजकूर वर्डमध्ये घेऊन 'मोकळी जागा आणि लगेच ऱ्हस्व वेलांटी' एवढे शोधा. मराठीत एकही शब्द असा सुरू होत नाही, त्यामुळे उत्तर शून्यच यायला हवे. मग 'यार्', 'मर्', 'वर्' असे तुकडे शोधून रफार तपासा. इथे मात्र डोळ्यांनीच वाचावे लागते, कारण 'वर्ग' बरोबर असतो आणि 'सवर्' म्हणजे बिघडलेला 'सर्व' असतो.

विसर्गाची चूक तर युनिकोडमध्ये टंकणारेही करतात. 'नि:शुल्क', 'स्वत:', 'दु:ख' असे लिहिताना विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन दाबला जातो. कागदावर फरक कळत नाही, पण यंत्राच्या लेखी विसर्ग हे देवनागरी चिन्ह आहे आणि कोलन हे विरामचिन्ह. शब्द मधोमध तुटतो. मोठी शोधयंत्रे पुष्कळदा सांभाळून घेतात. आपल्याच संकेतस्थळाची आतली शोधपेटी मात्र सहसा घेत नाही, आणि 'निःशुल्क' शोधणाऱ्या रुग्णाला 'काही आढळले नाही' असे सांगून मोकळी होते. 'ॲ'चेही तसेच. या अक्षराला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधीची सवय म्हणजे 'अ'वर वेगळी चंद्रकोर देणे. दिसायला जुळी, आतून वेगळी. एक पद्धत ठरवा आणि सगळ्या संकेतस्थळावर तीच ठेवा.

अक्षरे सुधारल्यावर पानांचे पत्ते (यूआरएल) पाहा. वर्डप्रेस या संकेतस्थळे बांधायच्या प्रणालीत लेखाचे शीर्षक मराठीत दिले की त्यावरून पत्ता आपोआप तयार होतो, आणि त्याला २०० बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात '%E0%A4%B0' (हा 'र') अशा रूपात जाते आणि टक्केचिन्हांसकट नऊ जागा खाते, काना, वेलांटी आणि हलन्तही त्यात मोजायचे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. 'रत्नागिरी जिल्ह्यातील हापूस लागवड' या शीर्षकाचा पत्ता 'रत्नागिरी-जिल्ह्यातील-हा' इथेच तुटतो. पुढचा लेख 'रत्नागिरी जिल्ह्यातील हापूसवरील कीड' असेल तर त्याचाही पत्ता जवळपास तोच होतो आणि शेपटीला दोनचा आकडा लागतो. मराठी पत्ते गूगलला चालतात, त्यात वावगे काही नाही. पण कोणी पत्ता कॉपी करून पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसते आणि पाहणारा फसवा दुवा समजून पुढे जातो. तीन-चार शब्दांचा रोमन पत्ता हाताने द्यावा हे बरे. जुन्या पानाचा पत्ता बदललात तर जुन्यावरून नव्याकडे कायमचे वळण, म्हणजे '३०१', लावा आणि निदान वर्षभर काढू नका.

नवे संकेतस्थळ गूगलमध्ये अजिबातच दिसत नसेल तर आधी वर्डप्रेसच्या 'रीडिंग' सेटिंगमध्ये डोकवा. शोधयंत्रांनी येऊ नये अशी सूचना देणारी एक चौकट तिथे असते. बांधणी चालू असताना ती खूण करतात आणि उद्घाटनाच्या धांदलीत काढायचे विसरतात.

मग येतात शब्द. कार्यालय 'अधिकार अभिलेख' लिहिते, शेतकरी 'सातबारा' शोधतो. फलकावर 'दंतचिकित्सालय' शोभते, शोधपेटीत 'दातांचा दवाखाना' पडतो. पानाच्या शीर्षकात लोकांचा शब्द आणि गावाचे नाव हवे. पुष्कळ संकेतस्थळांच्या मुख्य पानाचे शीर्षक नुसते 'होम' किंवा 'मुख्यपृष्ठ' असते. त्याऐवजी 'हापूस आंबा पेटी, दर व घरपोच सेवा, देवगड' असे लिहिले तर वाचणाऱ्यालाही कळते आणि यंत्रालाही. रोमन लिपीत टंकून शोधणारे पुष्कळ असतात, म्हणून नावाचे रोमन रूप पानावर एकदा सहज येऊ द्या. तळाशी पन्नास शब्दांची भरताड नको. आणि 'कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये दडलेली शोधशब्दांची यादी) भरून देतो' म्हणून कोणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. तो टॅग क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे.

लोक नेमके कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत येतात, हे सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या साधनात फुकट दिसते, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचे. तिथे सरासरी क्रमांक ८ ते २० असलेले आणि शोधनिकालांत दिसण्याची संख्या मोठी असलेले शब्द वेगळे काढा. त्या पानांवर आधी मेहनत घ्या: दर, मोजमाप, वेळ, फोटो, नेहमी विचारले जाणारे प्रश्न. चाळिसाव्या क्रमांकावरचे पान ओढत बसण्यापेक्षा बाराव्या क्रमांकावरचे वर आणणे सोपे जाते.

वेगाबद्दल थोडक्यात. मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा ही गूगलची कसोटी. मोबाइलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला की ती तिथेच हुकते. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात ठेवला तर तोच फोटो बहुधा २०० केबीच्या आत बसतो. देवनागरी फॉण्टची फाइल हलकी करताना तिच्यातले जोडाक्षरांचे नियम कापले जाणार नाहीत हे पाहा, नाहीतर पानभर पाय मोडलेली अक्षरे दिसू लागतात.

'पाचशे बॅकलिंक', म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे, विकत घेण्याच्या फंदात तर पडूच नका. क्रमवारीसाठी दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि क्रमवारीच्या पद्धतीत गूगलने २०१२ मध्ये केलेल्या 'पेंग्विन' बदलापासून असे दुवे निकामी तरी ठरतात किंवा अंगाशी तरी येतात. तालुक्याच्या महाविद्यालयाने किंवा व्यापारी संघटनेने आपल्या पानावर आपणहून दिलेला एक दुवा त्यापेक्षा मोलाचा.

शेवटी कागदपत्रांचे. डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (ते जिथे ठेवलेले असते ती जागा), सर्च कन्सोल आणि गूगल नकाशावरची दुकानाची नोंद ही चारही खाती मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत. काम करणाऱ्याला तात्पुरता प्रवेश द्यावा. पुष्कळदा उलटे असते, आणि व्यवहार मोडला की दुकानाचा फोन क्रमांक बदलायलाही परक्याची परवानगी लागते.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही. हे पत्र छापलेत तर ते ई-पेपरच्या पानाच्या चित्रापुरते ठेवू नका, संकेतस्थळावर मजकूर म्हणूनही चढवा. आणि त्याआधी 'निःशुल्क'मधला विसर्ग एकदा तपासून घ्या.

कळावे,
मराठी संकेतस्थळांची बांधणी व देखभाल करणारे काही वाचक, पुणे