गॅलरीतली सिगारेट, कूलर आणि घरातलं मांजर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ मे हा तंबाखूविरोधी दिन आणि नागपूरचा कूलर, दोन्ही एकाच मोसमात येतात. म्हणून हे पत्र याच दिवसांत पाठवत आहोत.

मांजर पाळणाऱ्या घरात कोणी सिगारेट किंवा बिडी ओढत असेल, तर 'आम्ही घरात नाही ओढत, गॅलरीत जातो' हे उत्तर ठरलेलं असतं. ते खोटं नसतं, पण मांजरापुरतं पाहिलं तर अर्धवट असतं. एक तर गॅलरीतला धूर घरात ओढून आणायची सोय उन्हाळ्यात आपणच खिडकीत बसवलेली असते. दुसरं असं की मांजराच्या शरीरात हा धूर नाकावाटे जातो तसा जिभेवाटेही जातो.

आधी कूलरचं पाहू. डेझर्ट कूलर खोलीतली हवा गार करत नाही. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढून आत फेकतो. ताट्या गॅलरीकडे आणि पंख्याचं तोंड खोलीकडे, अशी त्याची रचना असते. कूलरच्या मागे खुर्ची टाकून ओढलेल्या सिगारेटचा धूर मग थेट खोलीतच येतो. ओल्या ताटीत धूर गाळला जातो असं पुष्कळांना वाटतं. ताटीत धूळ अडते, धुराचा थोडा भाग पाण्यात विरघळतो, पण सिगारेटच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात. ताटी वाळ्याची असो की हनीकोंबची, ते तिला जुमानत नाहीत. शिवाय दोन झुरक्यांच्या मधे सिगारेट नुसती जळत असते, तेव्हा टोकाचा धूर फिल्टरमधून जातच नाही, आणि आजूबाजूच्यांच्या वाट्याला येणाऱ्या धुरात सुमारे ८५ टक्के हिस्सा याच धुराचा असतो.

म्हणून कूलर चालू असताना त्या गॅलरीत ओढू नये. घराच्या दुसऱ्या बाजूला जावं किंवा सरळ खाली उतरावं. तेवढंही जमत नसेल तर आधी कूलर बंद, गॅलरीचं दार बंद, आणि सिगारेट विझल्यावर निदान पंधरा मिनिटांनी कूलर पुन्हा चालू. एसीच्या घरात प्रकार उलटा असतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, खोलीतलीच फिरवतो, त्यामुळे आत शिरलेला धूर तिथेच घुमत राहतो. त्याची जाळी धूळ अडवते, धूर नाही. चांगला एअर प्युरिफायर हवेतले कण पकडतो खरा, पण वायू त्यातून निसटतात, आणि सोफ्यावर, पडद्यांवर बसलेल्या थराला तर तो हातही लावू शकत नाही.

जिभेचा मार्ग या थरापासूनच सुरू होतो. धूर विरला, वास गेला, तरी निकोटीन आणि इतर द्रव्यं सतरंजीवर, गादीवर, भिंतीवर आणि ओढणाऱ्याच्या कपड्यांवर चिकटून राहतात. मांजर नेमकं तिथेच लोळतं. अंगातून काढलेला शर्ट खुर्चीवर टाकला की थोड्या वेळात मांजर त्यावर बसलेलं दिसतं, कारण त्याला माणसाचा वास असतो. मग ते अंग चाटायला लागतं. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले टोकदार काटे असतात. केसांवरचं जे काही या काट्यांत अडकतं ते थुंकून टाकण्याची सोय नसते, ते गिळलंच जातं. दिवसाचे कित्येक तास हेच चालतं. कुत्रा इतका चाटत नाही, म्हणून एकाच घरात कुत्रा आणि मांजर असतील तर दोघांच्या पोटात सारखाच धूर जातो असं समजू नये.

ग्लासगो विद्यापीठात मांजरांच्या केसांतलं निकोटीन मोजलं गेलं. घरात जितकं जास्त ओढलं जातं तितकं ते जास्त निघालं. मांजराला बाहेर मोकळं सोडल्याने फारसा फरक पडला नाही. घरातल्या सिगारेटी दिवसाला दहाच्या खाली आणल्यावर निकोटीन बरंच उतरलं, पण न ओढणाऱ्या घरातल्या मांजरांइतकं खाली आलं नाही. थोडक्यात, कमी करण्याला अर्थ आहे, मात्र कमी म्हणजे शून्य नव्हे.

कर्करोगाबद्दलचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा आहे, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, झालेली ८० मांजरं आणि किडनीचा आजार असलेली ११४ मांजरं यांच्या घरांची त्यात तुलना केली होती. धुराच्या घरातल्या मांजरांमध्ये लिम्फोमाचा धोका २.४ पट दिसला, पाच वर्षं किंवा त्याहून जास्त काळ धुरात राहिलेल्यांमध्ये ३.२ पट. हे आकडे जपून वाचावेत. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येक घरातल्या मांजराला कर्करोग होतो असा त्यांचा अर्थ नाही, आणि लिम्फोमामागे फेलाइन ल्युकेमिया विषाणूसारखी दुसरी कारणंही असतात. पण जितकी वर्षं जास्त तितका धोका जास्त, ही चढण डोळेझाक करण्यासारखी नाही. तोंडाच्या कर्करोगाबाबत पुरावा यापेक्षा कच्चा आहे. २००३ च्या अभ्यासात धुराच्या घरात धोका साधारण दुप्पट दिसला, पण मांजरांची संख्या इतकी कमी होती की तो ठामपणे सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या संदेशांत दोन्ही अभ्यास एकाच दमात 'सिद्ध' करून टाकलेले असतात.

तरीही तोंड आठवड्यातून एकदा तपासावं, त्याला खर्च नाही. मांजराला मांडीवर पाठमोरं धरा. एका हाताने वरचा जबडा गालाच्या हाडांपाशी धरून डोकं थोडं मागे करा, दुसऱ्या हाताच्या बोटाने खालचा जबडा उघडा आणि त्याच हाताचा अंगठा जबड्याखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत, वर दाबा. जीभ वर उचलली जाते आणि तिच्या खालची बाजू दिसते. गाठ बहुतेकदा तिथेच किंवा हिरडीत लपते. एका बाजूने लाळ गळणं, तोंडाला अचानक घाण वास येणं, कोरडे दाणे सोडून फक्त ओलं खाणं, हनुवटीवर रक्ताचा डाग, एखादा दात कारण नसताना हलणं, यातलं काहीही दिसलं तर 'दात किडला असेल' म्हणून महिना घालवू नये. हा कर्करोग उशिरा सापडला तर हाती काही महिनेच उरतात. लिम्फोमा बहुतेक वेळा आतड्यात असतो. खाणं ठीक असूनही वजन उतरणं, आठवड्यातून दोन-तीनदा उलटी, पातळ शी, ही त्याची लक्षणं. म्हणून महिन्यातून एकदा वजन करावं. मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं म्हणजे दहावा हिस्सा गेला.

रोजच्या व्यवहारात मात्र कर्करोगापेक्षा दम्याचा त्रास जास्त दिसतो, आणि तो ओळखायलाच चूक होते. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, कोपरं बाहेर काढतं आणि खाकरल्यासारखा आवाज करतं. घरचे म्हणतात, केसांचा गोळा अडकलाय. गोळा असेल तर पोट जोराने आत-बाहेर होतं आणि शेवटी काहीतरी बाहेर पडतं. दम्यात काही पडत नाही, मांजर नुसता घोट गिळतं आणि उठून जातं. मोबाइलवर याचं चित्रण करून ठेवा. दवाखान्यातल्या टेबलावर मांजर कधीच खोकून दाखवत नाही.

श्वास मोजायला शिका. गाढ झोपलेलं असताना छाती वर-खाली झाली की एक, असं तीस सेकंद मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. दोन-तीन दिवस सतत वर येत असेल तर तपासणी करून घ्या, ४० च्या वर गेला तर त्याच दिवशी. तोंड उघडून श्वास घेणारं मांजर दिसलं तर उन्हाळ्याला दोष देत थांबू नका, लगेच निघा. नेताना छातीशी आवळून धरू नका, टोपलीत ठेवा. एक्स-रेत श्वासनलिकांच्या जाड झालेल्या भिंती पांढऱ्या कड्यांसारख्या किंवा रुळांसारख्या दिसतात. उपचार सहसा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळीने सुरू होतो, मग स्पेसर (फवारा धरून ठेवणारी नळी) आणि छोट्या मास्कमधून फ्लुटिकासोन या स्टेरॉइडचा इनहेलर. पफ दिल्यावर मास्क सात ते दहा श्वास तोंडावर राहिला पाहिजे. इनहेलरचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत गोळी बंद करू नये. श्वासनलिका चटकन मोकळी करणारं सॅल्ब्युटामॉल आणीबाणीसाठी असतं, ते रोजच्या औषधाची जागा घेत नाही. आणि हे सगळं चालू असताना घरातला धूर तसाच राहिला, तर डोस कमी करता येत नाही, मग 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार होते. बंद करायला हवा तो धूर, आणि वाढत जातो डोस.

माणसांच्या औषधांबद्दल एकच सांगतो. पॅरासिटामॉल मांजराला पाव गोळीसुद्धा देऊ नका. ते निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते, एक गोळी जीव घेऊ शकते.

नागपुरात तंबाखूचा विषय खर्र्याशिवाय पुरा होत नाही. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. त्यात धूर नाही, पण पन्नी आहे. खर्रा संपलेली, आत तंबाखू आणि चुना चिकटलेली पन्नी जमिनीवर पडली की तिच्या कुरकुर आवाजाने मांजर खेळायला येतं. चुन्यामुळे निकोटीन तोंडातूनच भराभर शोषलं जातं. पन्नी गिळली गेली तर आतडं अडतं, तो त्रास वेगळा. सिगारेटच्या थोटकाचंही तसंच. किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन पोटात गेलं तरी लक्षणं दिसू शकतात, म्हणजे चार किलोच्या मांजराला चार मिलिग्रॅम पुरे. एका सिगारेटच्या तंबाखूत दहा मिलिग्रॅम आणि वर निकोटीन असतं, त्यातलं सुमारे पाव थोटकात उरतं. बिडी तर मधेच विझते आणि अर्धी तशीच राहते. थोटकं कुंडीच्या मातीत खोचू नका, मांजर तीच माती उकरतं. पाण्याच्या ग्लासात तर मुळीच टाकू नका, निकोटीन पाण्यात उतरतं आणि ते पाणी मांजर पितं. झाकणाचा डबा, तळाला वाळू, आणि डबा मांजर पोचणार नाही अशा जागी.

असं काही पोटात गेल्यावर तासाभरात लाळ, उलटी, थरथर, सैरभैर धावणं आणि मग गळून पडणं असं दिसलं, तर तोंड ओल्या फडक्याने पुसून थेट दवाखाना गाठा. पन्नी किंवा पाकीट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. आम्लपित्ताचं औषधही नको, कारण पोटातलं आम्ल निकोटीनचं शोषण उशिरा होऊ देतं, ते मारलं की विष वेगाने चढतं.

सिगारेट बंद केली आणि पावसाळ्यात मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल लावली, तर मांजराच्या फुफ्फुसाला फारसा दिलासा नाही. २००३ च्या एका अभ्यासात एक कॉइल जळून संपताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत सोडते, असं आढळलं होतं. डेंगूच्या दिवसांत डास नकोतच, पण त्यावर खिडकीची जाळी हा उपाय आहे. तिने मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडण्याचंही टळतं. धुराचा वास घालवायला धूप किंवा सुगंधी तेलाचं यंत्र लावणं म्हणजे एकात दुसरं मिसळणं.

साफसफाईला महाग काही लागत नाही. ओढून आल्यावर शर्ट बदला, हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, मगच मांजराला घ्या. काढलेला शर्ट झाकणाच्या बादलीत टाका. मऊ फडकं कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रोज एकदा केसांच्या दिशेने मानेपासून शेपटीपर्यंत पुसा, दोनदा फडकं उलटा. पिवळट झालेला कोपरा दिसला म्हणजे काय निघालं ते कळतं. सुगंधी वाइप्स नकोत. मांजराचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवा. भिंती आणि फर्निचर कपड्याच्या पावडरच्या पाण्याने पुसून पुन्हा साध्या पाण्याने पुसा आणि वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा. फरशीला काळं फिनाईल मात्र टाळा. त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं पंजांना लागतात आणि पंजा चाटला जातोच.

२००३ च्या तंबाखू कायद्याने आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक जागेतलं धूम्रपान बंद केलं. घराच्या उंबऱ्याच्या आत तो कायदा येत नाही. तिथे विचारू शकतो तो फक्त डॉक्टर. म्हणून शहरातल्या आमच्याच व्यवसायबंधूंना एक सूचना: मांजराच्या केसपेपरवर लसीकरणाच्या खाली दोन ओळी वाढवा. घरात काय ओढलं किंवा खाल्लं जातं आणि किती वर्षं, ही एक. कुठे ओढलं जातं आणि कूलर कुठल्या खिडकीत आहे, ही दुसरी. लोक पहिल्या प्रश्नाला संकोचतात, दुसऱ्याला अगदी सरळ उत्तर देतात.

आपले,
मांजरांवर उपचार करणारे काही पशुवैद्यक, नागपूर