रेंजवरच्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "कानाला मफ लाव आणि नेम धर" म्हणून विषय तोडता. म्हणून आता चारचौघांत लिहितो. इथून पळता येणार नाही.

माझी ली-एन्फिल्ड रायफल ईशापूर कारखान्याची, नंबर १ मार्क ३, १९४२ सालची. तिची रिकामी काडतुसं मी पुन्हा भरून वापरतो. दोन-तीनदा भरलं की केसच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, बुडाच्या जरा वर चकाकती रेघ उमटायची, म्हणजे पुढच्या बाराला केस तिथेच तुटणार. इथे ओहायोत कुणी म्हणालं दारू कमी कर, कुणी म्हणालं रायफल भिंतीवर टांग. तुम्ही केस हातात घेतली आणि म्हणालात, "दारूचा काय दोष? जागा मोठी आहे."

मग नीट समजावलंत. चिखलामातीतही काडतूस अडकू नये म्हणून .३०३ काडतुसाचे लष्करी चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, ऐसपैस ठेवत. काडतूस खांद्यावर (मानेकडे निमुळतं होतं तिथे) नाही, बुडाच्या काठावर टेकतं. बार झाला की केसचा पुढचा भाग चेंबरला घट्ट चिकटतो, बूड मागे बोल्टपर्यंत सरकतं आणि मधलं पितळ ताणून पातळ होतं. त्यात आपण प्रत्येक वेळी केस मापाला दाबणाऱ्या पूर्ण डायमधून काढून खांदा मागे ढकलतो, की पुन्हा तेच! यावर तुमचा उपाय नळाच्या सामानातली रबरी रिंग. नव्या केसच्या काठापुढे ती चढवायची, म्हणजे पहिल्या बाराला बूड बोल्टला टेकून राहतं आणि फुगायचं ते खांद्याकडे फुगतं. त्यानंतर फक्त मानेचं सायझिंग, म्हणजे गोळी धरणारी मान तेवढी दाबून मापाला आणायची. वर टोक वाकवलेल्या पेपरक्लिपने आतून पितळ पातळ पडल्याची खाच चाचपायची सवय लावलीत, ती वेगळीच.

पण खरा ऋणी आहे तो तुमच्या मायक्रोमीटरचा. एन्फिल्डच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या पाच खाचा, म्हणजे खाचेसमोर खाच येतच नाही. नळीतून ठोकून काढलेली शिशाची गोळी साध्या कॅलिपरने मापायची कशी? तुम्ही टूलरूममधला तुमचा व्ही-अँव्हिलवाला, म्हणजे ‘व्ही’ आकाराच्या टेकूचा, मायक्रोमीटर काढलात. माप आलं ०.३१४ इंच. तेव्हापासून ०.३११च्या निमुळत्या बुडाच्या गोळ्या बंद, ०.३१२च्या सपाट बुडाच्या सुरू, आणि कागदावरची भोकं एका मोहल्ल्यात यायला लागली.

जुन्या डब्यात ‘के एफ’ ठशाचं, म्हणजे खडकीच्या कारखान्यातलं, काडतूस सापडलं तेव्हा मात्र तुम्ही शिकवणं विसरलात. बालपण खडकीत गेलेला माणूस तो ठसा बघून बोलत सुटला. कारखान्याचा भोंगा, पाळ्या, सायकलींची रांग! मग भानावर येऊन म्हणालात, "हे मारू नकोस. आतलं कॉर्डाइट, म्हणजे दारू, जुनं, बार पेटवणारा प्रायमर सहज न निघणारा बर्डनचा, पुन्हा भरायच्याही कामाचं नाही." ते तुमच्याच कपाटात शोभतंय.

मायक्रोमीटर अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी आणतो. काकूंना नमस्कार.

तुमच्या शेजारच्या बाकावरचा